आ सर्टिफिकेट खोटुं छे

मी निरुपमा सबनीस. पस्तीस वर्षं बडोद्यात मराठी शाळेत शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते, आणि शाळा बंद पडली तेव्हा कुलपात शेवटची किल्ली मीच फिरवली. सासर-माहेर दोन्हीकडची माणसं राजांच्या दफ्तरात कारकुनी केलेली. त्यामुळे कागदाचं प्रेम आणि नाक वर करून बोलणं, दोन्ही माझ्याकडे वारशानं आलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी चकित व्हायला नको.

निवृत्त झाल्यावर बाईमाणसानं जपमाळ ओढावी म्हणतात, पण मला ते जमेना. निजामपुऱ्यात आमच्या मंडळाचा एक हॉल आहे. तिथं दर शनिवारी सकाळी मी आणि माझे धाकटे दीर शरच्चंद्र टेबल मांडून बसायचो. शरदभावजी बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना कॉम्प्युटर चांगला येतो. मला माणसं चांगली कळतात, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचे.

आमच्याकडे येणारे बहुतेक लहान मुलांचे आईबाप. कुणाचं मूल चालत नाही, कुणाचं बोलत नाही, कुणाला ऐकू येत नाही. या मुलांना आधी कागदी प्रमाणपत्र असायचं, गोल शिक्क्याचं. मग सरकारनं रीत बदलली. आता प्रत्येक मुलाचं नाव ऑनलाइन चढवायचं आणि नंबरचं नवं कार्ड काढायचं. कार्ड नाही तर कानाचं मशीन नाही, बसचा पास नाही, ऑपरेशन नाही. जुना कागद नीट असेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या खिडकीवर तो तपासून घेत आणि त्याच्यावरूनच कार्ड निघे. नसेल तर मुलाला पुन्हा डॉक्टरांच्या बोर्डापुढे न्यायचं. लोकांना वाटे, आपल्याकडे शिक्क्याचा कागद आहे, आपलं काम झालं. तसं नाही हे त्यांना पटवण्यातच आमचा निम्मा शनिवार जाई.

त्यात नावांचा घोळ तर खास आमच्या लोकांचा. इथल्या कागदावर आडनाव आधी येतं, आमचं शेवटी. रेशनकार्डावरच्या माधवरावाचा आधारकार्डावर कुणीतरी माधवभाई केलेला असतो. लग्नात सुनेचं नाव बदललेलं, म्हणून मुलाच्या जन्मदाखल्यावर आई एक आणि बँकेत दुसरीच. हे असले गुंते मी चुटकीसरशी सोडवत असे, आणि लोकांनी वाहवा केली की मला बरं वाटे.

जुलैतल्या एका शनिवारी स्नेहलता मोहिते आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत मुलीची सगळी फाइल. नवरा प्रतापसिंह गोरव्यात एका कारखान्यात लेथवर. सासरे संपतराव मोहिते, घराणं जुन्या फौजेतलं. हे सगळं तिनं मी विचारल्यावर सांगितलं. घराणं मी सगळ्यांनाच विचारत असे. सोबत मुलगी होती, साडेचार वर्षांची, दोन्ही कानांनी ऐकू न येणारी. तिचं नाव हेतवी.

“हेतवी?” मी म्हटलं. “मराठीत नावं संपली का गं?”

“सोसायटीत सगळ्यांची अशीच आहेत ने, बाई,” ती हसून, इथल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. “मला तो गमलं, म्हणून ठेवलं.”

“गमलं नाही, आवडलं.”

“हां, आवडलं,” ती म्हणाली आणि फाइल पुढे केली.

तिची अडचण अशी होती. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन केलं तर पोरीला ऐकू येईल, आणि ऐकू आलं की ती बोलायला शिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरकारी योजनेत ते ऑपरेशन होत होतं, पण मुलाला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत. हेतवीला सव्वीस नोव्हेंबरला पाच पूर्ण होणार होती. बाहेर करायचं तर राहतं घर विकूनही भागलं नसतं. योजनेच्या यादीत नाव जायला नवं कार्ड हवं, आणि स्नेहलताजवळ होता तो करजणच्या शिबिरातला जुना कागद, मुलगी दीड वर्षाची असतानाचा. करजण तिचं माहेर.

“हा कागद चालतो का नाही, एवढंच पूछायचं होतं,” ती म्हणाली.

मी तिचा पत्ता उतरवून घेतला आणि रजिस्टर टेबलावर जरा जोरातच टाकलं. टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावून उभी असलेली हेतवी झटकन वळली. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ऐकू येत नाही म्हणतात, मग ही वळली कशी? त्या दिवसांत वर्तमानपत्रात बनावट प्रमाणपत्रांच्या बातम्या होत्या. कुणी नोकरीसाठी पांगळा झालेला, कुणी पाससाठी बहिरा. त्यात हा शिबिरातला कागद, शिक्का पुसट, सही वाचता येत नाही. तेव्हाच स्नेहलताला विचारलं असतं तर तिनं तिथल्या तिथं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. संशय मनात ठेवला आणि वर गोड बोलले.

“तू कशाला हेलपाटे मारतेस? बुधवारी पाच फाइली घेऊन मी जाणारच आहे, तुझीही नेते.”

“मी येऊ का सोबत? त्यांनी काही पूछलं तर…”

“मी आहे ना,” मी म्हटलं.

बुधवारी खिडकीपुढे गर्दी होती. माझ्यामागे वीसएक माणसं उभी. आतला तरुण कारकून नवा होता, पण कामाला चांगला. त्यानं पाच फाइली भराभर हातावेगळ्या केल्या. सहावी हेतवीची. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला, शिक्का बघितला आणि म्हणाला, “आ सर्टिफिकेट खोटुं छे, बेन. आ नई चाले.”

पुढेही तो काहीतरी सांगत होता. मी ऐकायला थांबले नाही. माझी कानशिलं तापली होती. सबनीसबाईंच्या हातात खोटं प्रमाणपत्र, तेही वीस माणसांदेखत. मी फाइल ओढून घेतली, “सॉरी भाई” म्हटलं आणि खाली मान घालून चालू लागले. म्हटलं, बघा, माझा संशय खरा ठरला.

घरी आल्यावर शरदभावजींना सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, तिला एकदा विचारून तर बघा.”

“विचारायचं काय? खिडकीवरच्या माणसानं तोंडावर सांगितलं.”

शाळेतली सवय. फाइलीवर मी लाल पेन्सिलीनं शेरा मारला: प्रमाणपत्र खोटे, प्रकरण बंद. आणि फोन लावला. स्नेहलताला लावायला हवा होता. मी लावला तिच्या सासऱ्यांना. घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं ही आमची रीत, असं मी स्वतःला सांगितलं.

“संपतराव,” मी म्हटलं, “तुमच्या नातीचं प्रमाणपत्र खोटं निघालं. करजणला कुणाला धरून काढलं ते मला ठाऊक नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. पण तुमच्यासारख्या घराण्याला हे शोभत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर सून पोलिसांत उभी राहील.”

ते हळूच म्हणाले, “उपकार झाले बाई, वेळेवर सांगितलं. आता त्या दवाखान्याच्या दारात आमच्या घरचं कुणी पाय नाही ठेवणार.”

मला समाधान वाटलं. एक घर बदनामीतून वाचवलं, असं वाटलं. संध्याकाळी मी श्रीखंड आणवलं आणि भावजींना आग्रह करकरून वाढलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. स्नेहलता आली नाही, आणि ती आली नाही याचं मला काहीच वाटलं नाही. दसरा झाल्यावर मी एका दुसऱ्याच मुलाचा फॉर्म घेऊन त्या खिडकीवर गेले. तोच कारकून. त्यानं फॉर्म बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

“बेन, तमे खोटुं फॉर्म लाव्या. आ मोटाओनुं छे, बाळकोनुं बीजुं आवे.”

म्हणजे तुम्ही चुकीचा फॉर्म आणलात, हा मोठ्यांचा, मुलांचा वेगळा असतो. मी “बरं” म्हटलं, फॉर्म पिशवीत टाकला आणि चालायला लागले. जिन्याच्या पायरीपर्यंत पोचले आणि तिथंच कठडा धरून उभी राहिले.

गुजरातीत खोटुं म्हणजे चुकीचं. रस्ता चुकला तर तो खोटो रस्तो, बेरीज चुकली तर ती खोटी. लबाडीलाही तो शब्द चालतो, पण दहातल्या नऊ वेळा नुसतं चुकीचं. हे मला काही कुणी शिकवायला नको. माझा जन्म बडोद्यातला. भाजी मी गुजरातीत घेतली आणि भांडणंही गुजरातीतच केली.

मी परत खिडकीशी गेले. रांगेतली माणसं कटकट करू लागली. मी कारकुनाला विचारलं, जुलैमध्ये मी करजणचा एक कागद आणला होता, तुम्ही खोटुं म्हणालात. त्याला आठवेना, कसं आठवणार? पण शिबिरातला होता म्हटल्यावर त्यानं लगेच सांगितलं. शिबिराचा कागद तात्पुरता असतो, त्याच्यावर कार्ड निघत नाही. मुलीला बोर्डापुढे आणायचं, दोन आठवड्यांचं काम. जुलैतही त्यानं हेच सांगितलं असणार. मी तेव्हा पाठ फिरवली होती.

दोन आठवड्यांच्या कामाचे मी तीन महिने घालवले होते. सव्वीस नोव्हेंबरला आता चार आठवडेसुद्धा उरले नव्हते, आणि मध्ये दिवाळी होती.

घरी येईपर्यंत रिक्षात मी स्वतःची समजूत घालत होते. दोन भाषांचा घोटाळा, कुणाचाही होईल. पण वाण्यानं “हिसाब खोटो छे” म्हटलं की मी त्याला चोर म्हणत नाही, चष्मा लावून बेरीज तपासते. मग खिडकीवर मला तो शब्द मराठी का ऐकू आला? कारण तो माझ्या मनात शनिवारपासूनच बसलेला होता. कारकुनानं नुसती मान हलवली असती तरी मी तेच ऐकलं असतं. भाषेवर ढकलायला जागाच नव्हती.

भावजींना सगळं सांगितलं. रजिस्टर टाकल्यावर मुलगी वळली होती तेही सांगितलं.

“वहिनी, टेबलाला हात होते ना तिचे? टेबल हादरलं की अशा मुलांना हाताला कळतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं. एक वर्ष मी त्या टेबलाशी बसून बहिऱ्या मुलांचे फॉर्म भरत होते आणि मला एवढंही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गोरव्याला गेले. संपतराव घरी एकटेच होते. पांढऱ्या मिशा, घरातही डोक्यावर टोपी. मला बघून ते उठून उभे राहिले. “आवो बाई, बसा ने.” पाणी त्यांनी स्वतः आणून दिलं.

“स्नेहलता कुठाय?”

“करजणला. गणपतीपासून.” त्यांनी माझा रिकामा पेला उचलून ठेवला. “मी बोललो तिला, बाई. पुष्कळ बोललो. आमच्या वडिलांनी फौजेत इमान राखलं आणि तू सरकारला फसवलंस, असं बोललो. पोराला पण बोललो. तो तिला आणायला नाही गेला.”

मी मोठ्या निश्चयानं आले होते. रिक्षात वाक्य जुळवून ठेवलं होतं: संपतराव, चूक माझी झाली, मला क्षमा करा. पण ते समोर हात गुडघ्यावर ठेवून बसले होते, माझ्याकडे आदरानं बघत होते, आणि त्या आदरापुढे माझी जीभ वळेना. तोंडातून निघालं ते भलतंच.

“खिडकीवरच्या माणसाचा घोटाळा झाला, संपतराव. त्यानं मला खोटं म्हणून सांगितलं. कागद खरा होता.”

शब्द बाहेर पडले आणि मला माझीच किळस आली. पण मी ते परत घेतले नाहीत. संपतरावांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते उठले आणि त्यांनी सुनेला करजणला फोन लावला. “पोरीला घेऊन नीघ. उद्या सकाळी दवाखान्यात यायचं. मी येतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही पण चला बाई. मला दाखवा तो कोण आहे.”

सकाळी आम्ही खिडकीपुढे उभे होतो. स्नेहलता करजणहून बसनं आली होती. चेहरा ओढलेला, पण मला बघून तिनं वाकून नमस्कार केला. हेतवी तिचं बोट धरून उभी होती. संपतराव रांगेतून थेट पुढे गेले आणि काउंटरवर हात ठेवून गुजरातीत कडाडले, की माझ्या सुनेचा कागद नकली म्हणणारा तू कोण? त्या बिचाऱ्या कारकुनानं पेन खाली ठेवलं.

“काका, नकली कोणे कीधुं?” तो म्हणाला. “में खोटुं कीधुं हशे. कॅम्पवाळुं हतुं ने, एटले.”

काका, नकली कुणी म्हटलं, मी खोटुं म्हणालो असेन, शिबिरातलं होतं ना, म्हणून. संपतरावांना समजावून सांगायला नको होतं. त्यांचा हात काउंटरवरून खाली आला. ते सावकाश माझ्याकडे वळले.

“बाई,” ते मराठीत म्हणाले, “तुम्हाला गुजराती येते ने?”

“येते,” मी म्हटलं.

रांगेतली माणसं बघत होती. जुलैत वीस माणसांसमोर कागद खोटा ठरला म्हणून मी पळाले होते. आता पळायला वाट नव्हती.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “यांची नाही. यांनी बरोबर सांगितलं होतं, मी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. मला आधीच वाटत होतं की तुम्ही लबाडी केली असणार. आणि काल तुमच्या घरी बसून मी पुन्हा यांच्यावर ढकललं.”

कारकुनाकडे वळून संपतरावांनी हात जोडले. मग डोक्यावरची टोपी काढली आणि सुनेला म्हणाले, “माझं चुकलं, बेटा.” तीन शब्दांत त्यांचं झालं. मला मात्र आदल्या दिवशी एक शब्द जमला नव्हता.

स्नेहलता हेतवीच्या केसातली निसटलेली क्लिप बसवत होती. तसंच खाली बघत ती म्हणाली, “मला तो वाटलं, खरंच नकली असेल. करजणला फॉर्म एका झेरॉक्सवाल्यानं भरून दिला होता. मला वाटलं, त्यानंच काही केलं असेल आणि मला समजलं नसेल. मी तो इथं येऊन विचारणार पण होती. मग वाटलं, सबनीसबाई बोलल्या म्हणजे खरंच असणार ने.”

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. हे सोसवलं नाही. तिनं स्वतःच्या मुलीच्या बहिरेपणावर तीन महिने संशय घेतला नव्हता, पण स्वतःच्या कागदावर घेतला, कारण मी बोलले होते.

कारकुनानं त्याच दिवशी अर्ज चढवला. बोर्डाची जवळची तारीख मागितली. पण दिवाळीची सुट्टी आडवी आली आणि बोर्ड बसलं ते सतरा नोव्हेंबरला. मी रोज फोन करायचे, दिवसाआड खेटे घालायचे. ज्या खिडकीवर मी मिरवत जात असे तिथं आता गयावया करत होते. कार्डाचा नंबर मिळाला चोवीस तारखेला. त्याच दुपारी भावजींनी ऑपरेशनच्या योजनेत अर्ज टाकला आणि आम्ही वाट बघत बसलो.

यादी चार डिसेंबरला लागली, आणि वय त्या दिवशीचं धरलं होतं. हेतवीच्या नावापुढे लिहिलं होतं: वय पाच वर्षे आठ दिवस, अपात्र.

मी अर्ज लिहिले. सात ठिकाणी लिहिले, मराठीत नव्हे, गुजरातीत, आणि प्रत्येकात उशिराचं कारण म्हणून माझं नाव घातलं. “सदर विलंब अर्जदाराचा नसून माझा आहे.” चार ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तीन ठिकाणांहून आलं, तिन्हींत एकच वाक्य होतं. नियमात सूट देता येत नाही. त्यांच्याकडे बोट दाखवायला मला तोंड नाही. नियम जुलैतही हाच होता आणि तो मला पाठ होता.

नव्या कार्डावर हेतवीला कानामागे लावायचं मशीन मिळालं. दार आपटलं, भांडं पडलं तर तिला आता कळतं. बोलणं कळत नाही. ती हातांनी बोलायला शिकते आहे, आणि तिच्याबरोबर स्नेहलता शिकते, प्रतापसिंह शिकतो. संपतरावांनाही नातीनं पाणी, भूक आणि आजोबा हे तीन हातवारे शिकवलेत. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर मुलीनं माझ्याकडे बघून हातानं काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. स्नेहलता म्हणाली, “तुमचं नाव पूछते.” मी नाव सांगितलं, ते तिनं हातानं मुलीला सांगितलं, आणि मुलगी खेळायला निघून गेली.

मी शनिवारचं टेबल सोडायचं ठरवलं होतं. भावजी म्हणाले, सोडा, पण मग फाइली कोण बघणार? तेवढ्यात जानेवारीत स्नेहलता आली. म्हणाली, मला सगळे फॉर्म पाठ झालेत, मी बसू का? तेव्हापासून मधल्या खुर्चीवर ती बसते. मी कडेला बसून आडनावं आधीची नंतर आणि नंतरची आधी करते.

नवी आई येते. मांडीवर मूल, हातात पिशवी, तोंडावर घाबरेपणा. स्नेहलता तिला पाणी देते, कागद बघते, कुठल्या तारखेपर्यंत काय हवं ते पेनानं लिहून देते. ती आई हमखास म्हणते, आम्हाला तिथलं काही समजत नाही, तुमच्यापैकी कुणी जाल का? मी मान खाली घालते. स्नेहलता म्हणते, “नाही ताई, खिडकीवर स्वतः जायचं. मुलाला घेऊन जायचं. तो काय बोलतो ते पूर्ण ऐकायचं, नाही समजलं तर परत पूछायचं.”

एखादी विचारते, का हो, काय होतं नाही गेलं तर?

“मी नव्हती गेली,” स्नेहलता म्हणते. “माझ्या मुलीचं ऑपरेशन राहून गेलं.”

एवढंच म्हणते. तिच्या जागी मी गेले होते, हे तिनं आजवर एकदाही कुणाला सांगितलेलं नाही. समोरची बाई तिच्याकडे जरा रागानंच बघते, ही कसली आई म्हणून. स्नेहलता तो राग घेते आणि पुढचा कागद ओढते. मी शेजारी बसलेली असते. दर शनिवारी ठरवते की आज मध्येच बोलायचं, ती नव्हे, मी. काही शनिवारी बोलते. काही शनिवारी अजूनही नुसती फॉर्मवर नाव लिहीत राहते.